चार वेळा रिटायर झालेला माणूस

डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठ्या झालेल्या माझ्या पिढीला अल्बर्टो डेल रिओ आठवत असेलच. महागड्या गाडीतून रिंगपर्यंत यायचा, त्याचं नाव पुकारायला त्याचा स्वतःचा खास माणूस असायचा, आणि चेहऱ्यावर कायम 'मी कोण, तुम्ही कोण' असा भाव. २०११मध्ये तो चॅम्पियनसुद्धा झाला. आमच्या वर्गात त्याचे फॅन कमी, त्याला शिव्या घालणारेच जास्त!

परवा रात्री यूट्यूबवर टाइमपास करताना एक जुनी क्लिप समोर आली. साल २००३, जपान. रिंगमध्ये मेक्सिकन पैलवानांचा मास्क घातलेला एक धिप्पाड गडी. नाव दोस कारास ज्युनियर. समोर लाल-पांढऱ्या चौकड्यांची शॉर्ट्स घातलेला, दगडी चेहऱ्याचा एक युरोपियन. एक मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात त्या युरोपियनचा डावा पाय जमिनीवरून निघाला तो थेट मास्कवर. पैलवान आडवा. खेळ खल्लास. आणि हो, मास्कमधला तो पैलवान म्हणजेच पुढचा अल्बर्टो डेल रिओ.

मग काय, झोप गेली उडत. लाथ मारणाऱ्याच्या मी पहाटेपर्यंत एकापाठोपाठ एक फाइट्स बघितल्या. त्याचं नाव मिर्को फिलिपोविच. जग त्याला ओळखतं ते 'क्रो कॉप' या नावाने. क्रो म्हणजे क्रोएशियन, कॉप म्हणजे पोलीस. हेवीवेट किकबॉक्सिंग आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, अशा दोन्ही खेळांत मोठे किताब जिंकणारी माणसं मोजकीच आहेत. हा त्यांच्यातला एक. पण त्या रात्री मला खरं गुंतवलं ते त्याच्या लाथेने नाही. या माणसाने चार वेळा निवृत्ती जाहीर केली. पहिल्या तीन वेळा तो परत आला. आणि चौथ्या वेळी निर्णय त्याच्या हातात उरलाच नव्हता.

रणांगणाशेजारचं गाव

मिर्कोचा जन्म १० सप्टेंबर १९७४चा, विन्कोव्ची शहरातला. तेव्हा तो भाग युगोस्लाव्हियात होता. तो वाढला जवळच्याच प्रिव्लाका नावाच्या खेड्यात. १९९१मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं. ज्या वुकोव्हार शहराचा विध्वंस सगळ्या जगाने बातम्यांत पाहिला, ते तिथून अगदी जवळ. विन्कोव्ची तर आघाडीवरच होतं. आपल्याकडे सतराव्या वर्षी मुलं बारावीच्या टेन्शनमध्ये असतात. याच्या सतराव्या वर्षी आजूबाजूला तोफा धडधडत होत्या.

मार्शल आर्ट्सचं वेड लहानपणापासूनचं. पुढे अमॅच्युअर बॉक्सिंग केलं, पोलिसात भरती झाला आणि 'लुचको' या दहशतवादविरोधी स्पेशल युनिटमध्ये पोचला. क्रो कॉप हे नाव मार्केटिंगवाल्यांनी एसी केबिनमध्ये बसून काढलेलं नाही. तो खरोखरचा कमांडो होता.

त्या काळात किकबॉक्सिंगची पंढरी म्हणजे जपान. तिथे १९९३मध्ये 'के-वन' नावाची स्पर्धा सुरू झाली होती. जगभरातले हेवीवेट एका रात्री एकमेकांशी भिडायचे आणि तीन फाइट जिंकणारा चॅम्पियन व्हायचा. टोकियो डोमसारखं अवाढव्य स्टेडियम त्यासाठी भरायचं. १९९६मध्ये मिर्को पहिल्यांदा तिथे उतरला आणि त्याने जेरोम ले बॅनर या दांडग्या फ्रेंच फायटरला हरवलं. पण त्याच वर्षी हॉलंडच्या अर्नेस्टो होस्टने त्याला धडा शिकवला. १९९९मध्ये मिर्को के-वनच्या फायनलला पोचला. समोर पुन्हा होस्ट, आणि पुन्हा हार. होस्टचं हे देणं त्याला कधीच फेडता आलं नाही.

उजवा पाय हॉस्पिटल, डावा पाय...

क्रो कॉपचं नाव निघालं की फॅन्स एक डायलॉग हमखास मारतात. उजवा पाय म्हणजे हॉस्पिटल, डावा पाय म्हणजे स्मशान! ऐकायला एकदम फिल्मी. पण त्या डाव्या पायामागे साधं, थंड डोक्याचं गणित होतं, आणि ते समजलं की या फाइट्स बघायची मजा दुप्पट होते.

मिर्को डावखुऱ्यासारखा उभा राहायचा. उजवा पाय पुढे, डावा मागे. मागच्या पायाच्या लाथेत अख्ख्या कमरेची ताकद असते. ही डावी लाथ समोरच्याच्या उजव्या बरगड्यांखाली बसते आणि तिथे असतं यकृत. तिथला तडाखा म्हणजे श्वासच अडकतो, शरीर आपोआप दुमडतं. जून २००३मध्ये टेक्सासच्या हीथ हेरिंगचा खेळ असाच आटोपला होता.

आता तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात असं समजा. हेरिंगचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. मिर्कोचा डावा पाय हलला की तुमचं उजवं कोपर आपोआप खाली येणार, बरगड्या झाकायला. आणि नेमकी तीच चूक! कारण पोटावरची लाथ आणि डोक्यावरची लाथ यांची सुरुवात अगदी सारखी दिसायची. तुमचा हात खाली गेला की पाय वर. ऑगस्ट २००३मध्ये इगोर वोव्हचांचिन, वर्षभराने अलेक्झांडर एमेलियानेन्को असे एकेक जण याच लाथेने झोपले. लाथेची धास्ती बसली की त्याचा डावा ठोसा मोकळा सुटायचा. मार्च २००३मध्ये बॉब सॅप नावाचा दीडशे किलोंपेक्षा जड माणूस त्याच्यासमोर होता. या सॅपने आदल्याच वर्षी होस्टला दोनदा हरवलेलं. मिर्कोच्या एका ठोशाने डोळ्याजवळचं हाड मोडलं आणि डोंगर पहिल्याच राउंडमध्ये खाली बसला.

फील्ड बदलताना

आपल्यापैकी किती जण चांगली चाललेली नोकरी सोडून दुसऱ्या फील्डमध्ये उडी मारतात? तीही अशा ठिकाणी, जिथे आपल्याला नेमकं जे येतं ते अर्धंच उपयोगाचं? मिर्कोने २००१मध्ये ते केलं.

एमएमएमध्ये लाथाबुक्क्या चालतातच, पण समोरचा तुमची कंबर धरून तुम्हाला पाडू शकतो, गळा आवळू शकतो, हात मुरगाळू शकतो. किकबॉक्सर पाठीवर पडला की पाण्याबाहेरचा मासा. ऑगस्ट २००१मध्ये काझुयुकी फुजिता हा कसलेला कुस्तीगीर त्याला पाडायला खाली वाकला आणि मिर्कोचा गुडघा त्याच्या डोक्याला लागून जखम झाली. फाइट थांबली. पहिलीच मॅच खिशात. मग तो एमएमएमधल्या तेव्हाच्या सगळ्यात झगमगत्या मंचाकडे, जपानच्या 'प्राइड'कडे वळला. एंट्रीला ड्युरान ड्युरानचं 'वाइल्ड बॉइज' वाजायचं आणि हजारो जपानी प्रेक्षक उभे राहायचे.

खरी परीक्षा ९ नोव्हेंबर २००३ला, टोकियो डोममध्ये. समोर ब्राझीलचा अँटोनियो रॉड्रिगो नोगेरा, जमिनीवरच्या डावपेचांचा उस्ताद. प्राइडचा पहिला राउंड दहा मिनिटांचा असायचा. ती दहाच्या दहा मिनिटं मिर्कोने नोगेराला धुतलं. बेलच्या तोंडावर डोक्यावर लाथ बसली आणि नोगेरा कोसळला, पण बेलने वाचवलं. दुसरा राउंड सुरू झाला. नोगेराने एकदा, फक्त एकदा, मिर्कोला खाली पाडलं आणि दोन मिनिटांच्या आत त्याचा हात असा काही अडकवला की मिर्कोला हार मानावी लागली. दहा मिनिटांची मेहनत एका न शिकलेल्या धड्यात वाहून गेली.

यानंतर दोनच आठवड्यांनी, २३ नोव्हेंबरला, क्रोएशियात सार्वत्रिक निवडणूक होती. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीतून, पण अपक्ष म्हणून उभा असलेला मिर्को निवडून आला आणि चक्क खासदार झाला! इथे कोणीही समजूतदार माणूस म्हणाला असता, बास झालं. कमांडो झालास, फायटर झालास, आता सूट घाल आणि संसदेत बस. पण त्याने पुढची चार वर्षं खासदारकी आणि रिंग दोन्ही सांभाळलं.

एकेक हिशेब

एप्रिल २००४. केविन रँडलमन या अमेरिकन कुस्तीगिराविरुद्ध मिर्को जिंकणार हे सगळे धरूनच चालले होते. दोन मिनिटांच्या आत रँडलमनचा लेफ्ट हुक आला आणि मिर्को बेशुद्ध. खासदारसाहेब जगासमोर कॅनव्हासवर आडवे पडलेले!

त्यानंतर त्याने जे केलं ते मला त्याच्या लाथेपेक्षा भारी वाटतं. फॅब्रिसिओ वेर्डूम हा तरुण ब्राझिलियन जिउ-जित्सूवाला त्याच्याबरोबर झाग्रेबमध्ये ट्रेनिंग करायचा, त्याला जमिनीवरची लढाई शिकवायचा. (हाच वेर्डूम पुढे २०१५मध्ये स्वतः यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन झाला.) ३१ डिसेंबर २००४ला रँडलमनशी पुन्हा गाठ पडली. मिर्कोने पहिल्याच मिनिटात त्याला हरवलं, आणि तेही लाथेने नाही. त्याने गळा आवळला! जे येत नव्हतं त्यानेच हिशेब चुकता केला.

ऑगस्ट २००५मध्ये तो रशियाच्या फेडर एमेलियानेन्कोसमोर उभा राहिला. तेव्हाचा जगातला अव्वल हेवीवेट. फेडरचा प्लॅन सोपा वाटेल, पण अमलात आणायला काळीज लागतं. मागे सरकायचंच नाही, सतत अंगावर जायचं. लाथ मारायला अंतर लागतं, आणि फेडरने ते दिलंच नाही. तीन राउंडनंतर निकाल फेडरच्या बाजूने गेला. सगळ्यात मोठं देणं उधारच राहिलं.

पण १० सप्टेंबर २००६चा दिवस फक्त त्याचा होता. प्राइडची ओपनवेट ग्रां प्री, सैतामाचं अरीना, आणि मिर्कोचा बत्तिसावा वाढदिवस. सेमीफायनलला वँडरली सिल्वाला डाव्या लाथेने झोपवलं. त्याच रात्री फायनलला जॉश बार्नेटला हार मानायला लावली. इतकी वर्षं हुलकावणी देणारा मोठा किताब शेवटी हातात आला. त्या रात्रीचा व्हिडिओ शोधून बघाच. दगडी चेहऱ्याचा हा माणूस रिंगमध्ये रडतोय.

आपलंच शस्त्र, आपल्यावरच

२००७मध्ये तो अमेरिकेच्या यूएफसीत गेला. मोठी कंपनी, मोठं नाव, पण नियम वेगळे. दोरांच्या रिंगऐवजी जाळीचा पिंजरा, आणि कोपराने मारायला परवानगी. २१ एप्रिल २००७ला मँचेस्टरमध्ये त्याची फाइट होती ब्राझीलच्या गॅब्रिएल गोन्झागाशी. जिंकला की टायटलची संधी. गोन्झागा ओळखला जायचा तो जमिनीवरच्या खेळासाठी. त्याने मिर्कोला पाडून कोपरांनी चांगलंच झोडपलं. पहिला राउंड संपायला काही सेकंद उरले असताना दोघं पुन्हा उभे होते. आणि गोन्झागाने डोक्यावर लाथ मारली. हो, क्रो कॉपला. क्रो कॉपचीच लाथ! तो जागच्या जागी कोसळला, पाय अंगाखाली विचित्र दुमडलेला.

मी ती क्लिप एकदाच बघू शकले. नंतरच्या सगळ्या फाइट्समध्ये त्या पायावर तो पूर्वीसारखा विश्वास टाकताना दिसत नाही. २०१० आणि २०११मध्ये फ्रँक मिर, ब्रेंडन शॉब आणि रॉय नेल्सन, लागोपाठ तिघांनी त्याला वेळेआधीच थांबवलं. ऑक्टोबर २०११मध्ये नेल्सनकडून हरल्यावर त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३७. निवृत्ती क्रमांक एक.

फक्त अजून एकदा

मार्च २०१२मध्ये झाग्रेबमध्ये त्याने किकबॉक्सिंगची एक मॅच ठेवली, रे सेफोविरुद्ध. कार्यक्रमाचं नावच होतं 'फायनल फाइट'. जिंकला. मग फायनल कसली? मार्च २०१३मध्ये झाग्रेबमध्येच के-वन ग्रां प्रीची अंतिम फेरी झाली. एका रात्रीत तीन फाइट्स. ३८ वर्षांचा मिर्को तिन्ही जिंकला. १९९९ला जो किताब हुकला होता तो १४ वर्षांनी, आपल्या लोकांसमोर मिळाला. आता तुम्हीच सांगा, तो चुकला असं कोण म्हणेल?

एप्रिल २०१५मध्ये तो यूएफसीत परतला, पोलंडमध्ये, आणि समोर तोच गोन्झागा. दोन राउंड मिर्को मागे होता. तिसऱ्यात त्याने कोपरांचा असा मारा केला की रेफरीला मध्ये पडावं लागलं. मँचेस्टरमध्ये ज्या कोपरांनी मार खाल्ला होता, त्याच कोपरांनी परतफेड. आठ वर्षांनी!

आणि इथेच गोष्ट काळवंडते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खांदा इतका बिघडला की ठरलेली मॅच त्याने सोडली आणि निवृत्ती जाहीर केली. क्रमांक दोन. खांदा लवकर बरा व्हावा म्हणून ग्रोथ हॉर्मोन घेतल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. ते बंदी असलेलं औषध. दोन वर्षांची बंदी आली. पण जपानच्या 'रिझिन'ला ती बंदी लागू नव्हती, आणि ती संपायच्या आतच, सप्टेंबर २०१६मध्ये, तो तिथे उतरला. फॅन म्हणून मलाही ही गोष्ट खटकते. कबुली देण्याचं धाडस मान्य, पण मागच्या दाराने येणं ते येणंच.

त्यातून हाती आलं काय, तर अजून एक किताब! २०१६च्या शेवटच्या तीन दिवसांत त्याने रिझिनच्या ग्रां प्रीत तीन जणांना हरवलं. त्यात बारुतो हा माजी सुमो पैलवानही होता. वय ४२. जिंकल्यावर निवृत्ती जाहीर केली. क्रमांक तीन. २०१७च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा रिंगमध्ये होता.

शेवटची बेल

१६ फेब्रुवारी २०१९. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये त्याने आणखी एक जुनी बाकी वसूल केली. ज्याने त्याला पहिल्यांदा निवृत्त व्हायला लावलं, त्या रॉय नेल्सनला त्याने तीन राउंडमध्ये हरवलं. ही त्याची लागोपाठ दहावी विजयी मॅच. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच त्याला स्ट्रोक आला. १ मार्चला जगाला कळलं की क्रो कॉप संपलाय, म्हणजे फायटर क्रो कॉप. माणूस वाचला. वय ४४. एमएमएमध्ये ३८ विजय, ११ पराभव, दोन बरोबरीच्या मॅचेस. या वेळी निवृत्ती त्याच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीने जाहीर केली.

तो नशीबवान निघाला असंच म्हणायला हवं. त्याच काळात प्राइड आणि के-वन दोन्हीकडे लढलेला गॅरी गुडरिज विस्मरणाशी कसं झुंजावं लागतंय हे स्वतः जाहीरपणे सांगतो. डोक्यावर वर्षानुवर्षं मार खाल्ल्याची ती किंमत. लाथ मारणाऱ्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. लाथ खाणाऱ्याचं पुढे काय झालं, याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.

पहाटे लॅपटॉप बंद करताना मला वाटत होतं की हा माणूस हट्टी होता, थांबायला शिकला नाही. पण नंतर विचार केला तेव्हा जाणवलं की गोष्ट एवढी सोपी नाही. प्रत्येक वेळी परतायला त्याच्याकडे खरंखुरं कारण होतं. के-वनचा हुकलेला किताब, गोन्झागा, नेल्सन. आणि प्रत्येक वेळी तो बरोबर ठरला! हरणाऱ्याला थांबवणं सोपं असतं. लोक सांगतात, स्कोअर सांगतो. जिंकणाऱ्याला कोण सांगणार? आपणही 'हे एक प्रोजेक्ट संपू दे, मग सुट्टी' म्हणतो. प्रोजेक्ट मस्त होतं, शाबासकी मिळते, अप्रेझल चांगलं येतं. आणि म्हणूनच सुट्टी पुढच्या प्रोजेक्टवर ढकलली जाते. पाठदुखी, झोप, बीपी यांच्या एंट्र्या मात्र दुसऱ्याच वहीत होत असतात.

मिर्कोने समोरच्यांचे हिशेब फेडरसारखे दोन-तीन सोडले तर बहुतेक चुकते केले. शरीराची वही मात्र त्याने कधी उघडून बघितली नाही. शेवटी तीच आपणहून त्याच्यासमोर उघडली गेली.

असो. यूट्यूबवर १० सप्टेंबर २००६ची ती रात्र जरूर बघा. डावा पाय बघा, मग डोळ्यांतलं पाणी बघा. आणि मग कृपया झोपा. मी त्या दिवशी थेट ऑफिसच्या मीटिंगला गेले आणि सरळ उभीच डुलक्या काढत होते!